झेब्र्याचे पट्टे आणि तुमची लॅब नोटबुक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी तीन महिन्यांची रीडिंग्ज कचऱ्यात गेली. कारण अगदी साधं होतं. सॅम्पलच्या बाटल्यांवर मी नाव लिहिलं होतं, पण तारीख आणि बॅच लिहिली नव्हती. तेव्हापासून लॅबमध्ये नवीन येणाऱ्यांना मी आधी एक चित्र दाखवते. तुम्हीही बघा.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये कागदावरचं एक मुघल लघुचित्र आहे, साधारण १६२१ चं. त्यात एकच प्राणी आहे, एका बाजूने दिसणारा झेब्रा. तोंडाला म्होरकी, अंगभर पट्टे.

हा प्राणी बादशहा जहांगीरसमोर आला तेव्हा काहींना वाटलं, पट्टे रंगवलेले असणार! जहांगीर आत्मचरित्रात लिहितो की नीट तपासल्यावर ते खरे निघाले. म्हणजे आधी शंका, मग तपासणी आणि त्यानंतर नोंद. आपण याहून वेगळं काय करतो?

आता चित्रावरची फारसी नोंद बघा. ती खुद्द जहांगीरच्या हातची आहे. प्राणी कुठून आला? हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने. कुणी आणला? मीर जाफरसोबतच्या तुर्कांनी. चित्र कुणी काढलं? उस्ताद मन्सूरने. केव्हा? हिजरी १०३०, राज्यारोहणाचं १६ वं वर्ष. माझ्या बाटल्यांवर नेमकं हेच नव्हतं.

गंमत म्हणजे याच नोंदीत प्राण्याला 'खेचर' म्हटलंय. ते चुकलंच. पण मन्सूरने ओळखीचं खेचर काढलं नाही, समोर दिसलं ते काढलं. म्हणून ४०० वर्षांनी आपण नाव दुरुस्त करू शकतो. निरीक्षण आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थ नंतर बदलता येतो. न केलेलं निरीक्षण मात्र परत मिळत नाही.

या पुराव्याला मर्यादाही आहे बरं का. हा एकच, बांधलेला प्राणी. त्याचा कळप किंवा अधिवास यावरून कळणार नाही. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच थीसिसमध्ये लिहायचं.

आज एक काम करा. गेल्या आठवड्याची कुठलीही नोंद उघडा. कुठून, कुणी, केव्हा, आणि प्रत्यक्ष काय दिसलं, हे अनोळखी माणसाला त्यातून कळतंय का? नसेल, तर आठवतंय तोवर लिहून टाका.