सालवनांचे पुनर्जनन

वृक्ष तोडल्याने किंवा मेल्याने वनात रिकामी झालेली जागा त्याच जातीच्या नव्या वृक्षांनी भरून निघण्याच्या क्रियेस पुनर्जनन म्हणतात. साल अथवा शाल (शास्त्रीय नाव शोरिया रोबस्टा; कुल डिप्टेरोकार्पेसी) हा हिमालयाच्या पायथ्यालगत आणि मध्य व पूर्व भारतात विस्तृत वने बनविणारा वृक्ष होय. त्याचे कठीण व टिकाऊ लाकूड रेल्वेचे स्लीपर व इमारती यांकरिता मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. त्यामुळे त्याचे पुनर्जनन हा भारतीय वनविद्येतील जुना व बिकट प्रश्न ठरला.

बीज व रोप : सालाची सपंख फळे पावसाळ्याच्या तोंडावर पिकतात. बियांची अंकुरणक्षमता जेमतेम आठवडाभर टिकते. त्या साठविता येत नाहीत आणि पाऊस लांबल्यास बहुतेक वाया जातात. रोपाचा जमिनीवरील भाग अवर्षण, हिमतुषार, वणवा किंवा चराई यांमुळे अनेक वर्षे वारंवार वाळून जातो. परंतु सोटमूळ जिवंत राहून जाड होत जाते. त्यास पुरेसे बळ आल्यावर निघणारा कोंब टिकतो व जोमाने वाढतो. म्हणून वरवर उजाड दिसणाऱ्या जागीही पुनर्जनन चालू असू शकते. दाट सावलीत रोपे खुंटतात, तर वन एकदम मोकळे केल्यास गवत माजून वणव्याचे भय वाढते. यास्तव वरचे छत्र टप्प्याटप्प्याने विरळ करतात.

खुंटांपासून पुनर्जनन : तोडलेल्या सालाच्या खुंटास धुमारे फुटतात. पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर भागात आराबारी येथे १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी वनाधिकारी अजित कुमार बॅनर्जी यांनी याच गुणाचा उपयोग केला. अकरा गावांतील लोकांनी तोड व चराई रोखून ऱ्हास पावलेले सुमारे १,२७० हेक्टर वन राखले. मोबदल्यात त्यांना रोजगार, गौण वनोपज आणि पुढे लाकडाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा देण्यात आला. खुंट व मुळे शाबूत असल्याने वन पुन्हा उभे राहिले. संयुक्त वन व्यवस्थापनाविषयीच्या केंद्र शासनाच्या १९९० मधील मार्गदर्शक सूचनांमागे हाही अनुभव होता.

तथापि वारंवार तोडलेल्या खुंटांचा जोम ओसरतो, म्हणून बीजापासून येणारी रोपेही आवश्यक असतात. तेलाकरिता साल-बिया गोळा करणे हे अनेक आदिवासी कुटुंबांचे उपजीविकेचे साधन आहे. त्यांची गरज भागवून पुरेसे बीज वनात राहू देणे, हा पुनर्जननाचाच एक भाग होय.