पेशीतलं कचरा-यंत्र बंद पाडलं तर?

मागच्या भागात पेशी प्रोटीन कसं बनवते ते बघितलं. आज उलट बाजू: बनलेलं प्रोटीन मोडतं कसं, आणि त्याचा कॅन्सरशी काय संबंध.

आज ज्यांच्या कामाबद्दल बोलतोय ते हार्वर्ड मेडिकल स्कूलचे आल्फ्रेड गोल्डबर्ग. २०२३ मध्ये ते गेले. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांचा प्रश्न कॅन्सरचा नव्हताच. हात महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला की दंड बारीक होतो, तो का? त्यांना दिसलं की वापरात नसलेल्या स्नायूत प्रोटीन नुसतं कमी बनतं असं नाही, ते जास्त वेगाने मोडलंही जातं. म्हणजे हे मोडणारं काहीतरी आहे. पण कुठे?

तेव्हा उत्तर ठरलेलं होतं: लायसोसोम, पाचक रसांनी भरलेली पेशीतली पिशवी. गोल्डबर्ग आणि एटलिंगर यांनी सशाच्या कोवळ्या लाल रक्तपेशी घेतल्या, ज्यांत लायसोसोम नसतो. तरी खराब प्रोटीन मोडत होतं! आणि त्याला एटीपी, म्हणजे ऊर्जा, लागत होती. हे १९७७ साल. मोडायला ऊर्जा कशाला? जिना चढायला दम लागतो, गडगडत खाली यायला नाही.

ऊर्जा लागते ती निवड करायला. नको असलेल्या प्रोटीनवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनची साखळी चिकटवली जाते. हा शिक्का शोधल्याबद्दल सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. (गोल्डबर्ग त्यात हवे होते, असं माझं मत. पण नोबेल तिघांपुरतंच.) शिक्का बसलेला माल जातो प्रोटिएझोममध्ये. हे पोकळ पिंपासारखं यंत्र, कापणारी पाती आतल्या बाजूला. त्यामुळे वाटेल ते प्रोटीन चुकून कापलं जात नाही. झाकणापाशी शिक्का तपासला जातो, घडी उलगडली जाते, मगच आत प्रवेश. इथेही एटीपी खर्ची पडतं.

आम्ही प्रोग्रामर लोक लगेच 'गार्बेज कलेक्टर' म्हणू, पण ती उपमा अर्धीच बसते. पेशी धडधाकट प्रोटीनही मुद्दाम मोडते. पेशीविभाजन पुढे सरकवणारी सायक्लिन वेळेवर मोडली नाहीत तर विभाजन पूर्णच होत नाही. म्हणजे हा नुसता केर काढणं नव्हे, हा कंट्रोल आहे.

१९९३ मध्ये गोल्डबर्गनी मायोजेनिक्स नावाची कंपनी काढली. 'मायो' म्हणजे स्नायू. हेतू हा की प्रोटिएझोमला थोडा लगाम घालून स्नायू वाळणं थांबवावं. तिथे रसायनशास्त्रज्ञ ज्युलियन अ‍ॅडम्स यांनी रेणूत बोरॉन बसवला आणि बोर्टेझोमिब तयार झालं. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत मल्टिपल मायलोमाच्या एका रुग्णाला पूर्ण प्रतिसाद मिळाला, आणि सगळा रोख तिकडे वळला. मे २००३ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

मायलोमाच का? हा प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशींचा धंदाच अँटिबॉडी बनवायचा, सेकंदाला हजारोंनी. एवढ्या उत्पादनात घडी बिघडलेला मालही भरपूर निघतो. लग्नघरी मोरी तुंबली तर काय होईल? एकट्या माणसाच्या खोलीत तुंबली तर दोन दिवस निभेल, लग्नघरी तासाभरात हाहाकार. तसंच इथे: प्रोटिएझोम अडला की कचरा साचून मायलोमाची पेशी मरते, इतर पेशी तग धरतात. शिवाय औषधाची पकड सुटणारी आहे. आठवड्यातून दोन डोस, मग काही दिवस विश्रांती, असं वेळापत्रक त्यासाठीच. मधल्या काळात निरोगी पेशी सावरतात.

सगळं गोड नाही. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, जळजळ हा या औषधाचा ठळक दुष्परिणाम. शिरेऐवजी त्वचेखाली इंजेक्शन दिल्यावर तो कमी झाला. घरात कुणाचे हे उपचार चालू असतील तर मुंग्या 'होईल बरं' म्हणून अंगावर काढू देऊ नका. वेळीच डॉक्टरांना कळलं तर डोस बदलता येतो. बऱ्याच रुग्णांत आजार कालांतराने परततो, औषधाला दाद देईनासा होतो. आणि फुप्फुस, स्तन अशा गाठींच्या कॅन्सरवर या औषधाची मात्रा तशी चाललीच नाही.

स्नायूंचं काय झालं? त्यासाठी बोर्टेझोमिब कुणी देत नाही. पण गोल्डबर्ग त्या प्रश्नाकडे परत गेले, आणि २००१ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने वाळणाऱ्या स्नायूत शिक्का मारणारं एक प्रोटीन शोधलं, अ‍ॅट्रोजिन-१.

पुढच्या भागात शिक्का मारणाऱ्यांनाच फितवणारं औषध: थॅलिडोमाइड. हो, तेच बदनाम थॅलिडोमाइड. भेटूया!