घाटातील ट्रॉली

ज्येष्ठ महिन्यात आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते. वाट लांबची, म्हणून हे प्रस्थानही लवकर होते. टाळमृदंगाचे वर्णन आपल्या अंकांतून अनेकदा आले आहे. दिंडीच्या मागून जाणाऱ्या वाहनाविषयी मात्र कोणी लिहीत नाही. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीत शिधा, भांडी, राहुट्या, अंथरुणे आणि पाण्याची टाकी असते. महिनाभर हेच वारकऱ्यांचे फिरते घर. परदेशांत हौशी लोक पिकअप गाडीमागे चाकांचे घर जोडून डोंगरदऱ्या हिंडतात. आपली ट्रॉली त्याच जातीची.

मोताळा सोडून बुलढाण्याकडे निघाले की राजूरचा घाट लागतो. घाटाच्या पायथ्याशी चालक ट्रॉलीत बसलेल्यांना म्हणतो, “माउली, आता उतरा.” म्हातारी माणसे थोडी कुरकुरतात. मलाही वाटे, हा डिझेल वाचवतो आहे. पुढे कागदावर हिशेब मांडला, तेव्हा त्याचे म्हणणे पटले. मी कला शाखेचा विद्यार्थी. शास्त्र शिकलेल्यांनी हिशेब तपासून पाहावा.

ट्रॅक्टर, ट्रॉली, सामान आणि वीस माणसे मिळून वजन सहा टन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर एवढे ओझे ओढायला साधारण १२० किलोचा जोर पुरतो. वीस फुटांत एक फूट चढ आला, की वजनाचा विसावा भाग, म्हणजे ३०० किलो, गाडीला मागे खेचू लागतो. एकूण जोर ४२० किलो, म्हणजे सपाटीच्या साडेतीनपट झाला. वीस माणसांचे वजन बाराशे किलो. ती उतरली की त्यातले ८४ किलो कमी होतात. मुंबईहून भुसावळकडे येणाऱ्या लोहमार्गावर कसारा घाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट आहे. तेवढ्यासाठीही तेथे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. पुढच्या इंजिनानेच सारे ओढायचे म्हटले, तर डब्यांच्या जोडांवर फार ताण येतो.

उंच पर्वतांत आणखी एक अडचण असते. दर हजार मीटरला हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद त्याच मानाने घटते. लडाखच्या पाच हजार मीटरवरील खिंडीत हवा जवळजवळ निम्मीच उरते. बुलढाणा साडेसहाशे मीटरांच्या आसपास असल्याने आपल्याला ही काळजी नाही. आपली काळजी वेगळी आहे, ती उताराची.

चढावर इंजिन कमी पडले तर गाडी थांबते. चाकामागे दगड लावून विचार करायला वेळ मिळतो. उतारावर तसा वेळ मिळत नाही. सहा टनांचे ओझे ३०० मीटर खाली आणताना जी शक्ती मोकळी होते, तिच्या उष्णतेने उन्हात ठेवलेले ६० लिटर पाणी उकळू लागेल. ती सारी उष्णता ब्रेकवर पडली तर ब्रेक तापून पकड सोडतात. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा. गाडीला इंजिनच आवरून धरते. डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून गाडी सोडून देणे म्हणजे चार पैशांसाठी माणसे पणाला लावणे होय.

दुसरा धोका ट्रॉलीचा. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. चालकाने ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली मात्र मागून ढकलत राहते. वळणावर असे झाले तर दोन्ही आडवी होतात. शिवाय ट्रॅक्टरला उजव्या व डाव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळताना ती सोय आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिटीने एकत्र जोडलेच पाहिजेत, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो.

तिसरी गोष्ट आपल्या आजोबांना ठाऊक होती. बैलगाडीत मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. दोन चाकी ट्रॉलीचेही तेच. मागे भार झाला की ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलला जातो, चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली सापासारखी वळवळू लागते. चाकांचे घर ओढणारे परदेशी लोक एकूण वजनाचा दहावा भाग तरी हुकावर यावा, असे भरतात. आपणही पाण्याची टाकी व धान्याची पोती आसाच्या किंचित पुढे ठेवावीत, राहुट्या मागे.

पंढरपूरहून परतताना तोच घाट उतरायचा असतो. तेव्हा माणसे थकलेली असतात, ट्रॉलीत झोप लागते, चालकालाही घराची ओढ असते. खरे तर ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. पण निदान घाटाच्या माथ्यावर तरी सर्वांनी उतरावे, पीन आणि ब्रेकची खिटी पाहावी, आणि गाडी पुढे जाऊ देऊन मागून चालावे. वारी पायी करायची असते. त्यातली ही चार-पाच मैलांची पायपीट चालकाने सांगण्याची वाट न पाहता आपणच करावी.