कोवळ्या कण्यावर वेगाचा भार : किशोरवयीन जलदगती गोलंदाजांच्या दुखापती आणि त्या टाळण्याचे उपाय

ऑस्ट्रेलियाचा जलदगती गोलंदाज पॅट कमिन्स याने नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्ग येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्याचे वय १८ वर्षे होते. दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी आणि अखेरीस त्याच्याच बॅटमधून विजयी धावा, असे ते पदार्पण होते. त्याचा दुसरा कसोटी सामना मार्च २०१७ मध्ये भारताविरुद्ध रांची येथे झाला. मधली पाच वर्षे आणि चार महिने दुखापतींच्या मालिकेत गेले, आणि त्यांत सर्वांत चिवट ठरली ती कमरेच्या मणक्याची दुखापत.

भारतातील चित्र याहून निराळे नाही. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी या वेगवान गोलंदाजांनी साऱ्यांचे लक्ष वेधून घेतले होते. पुढच्याच वर्षी पाठीच्या दुखापतींमुळे दोघांनाही आयपीएलच्या मोसमाला मुकावे लागले. जसप्रीत बुमराह याच्या कमरेत २०१९ मध्ये ताणजन्य अस्थिभंग आढळला. २०२२ च्या टी-२० विश्वचषकात त्याला खेळता आले नाही आणि मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. ही नावे प्रसिद्ध असल्याने त्यांच्या दुखापतींच्या बातम्या झाल्या. जिल्हा किंवा शालेय पातळीवरचा १४-१५ वर्षांचा मुलगा ‘पाठ धरते’ म्हणून हळूहळू मैदानावर दिसेनासा होतो, त्याची नोंद कोठेही होत नाही.

हाड का तडकते?

ताणजन्य अस्थिभंग हा पडण्याने किंवा आपटण्याने होणारा अस्थिभंग नव्हे. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे. जलदगती गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा जमिनीकडून उलट येणारा जोर त्याच्या वजनाच्या पाच पटींहून अधिक असू शकतो. ५० किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत हा भार अडीचशे किलोंच्या पुढे जातो, आणि सहा षटकांच्या एका हप्त्यात तो किमान ३६ वेळा झेलावा लागतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. या तिन्ही हालचालींचा एकत्रित ताण मणक्याच्या मागील बाजूस, वरच्या व खालच्या सांध्यांना जोडणाऱ्या हाडाच्या अरुंद पुलावर येतो. कमरेच्या तळाकडील चौथ्या आणि पाचव्या मणक्यांत तो विशेष जाणवतो. तडा बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याच्या डाव्या बाजूस पडतो.

हाड ही निर्जीव वस्तू नसल्याने ताण पडला की ते स्वतःची डागडुजी करते आणि पूर्वीपेक्षा बळकट होते. मात्र या कामास आठवडे लागतात. डागडुजी पूर्ण होण्यापूर्वीच नवा भार येत राहिला, तर झीज भरपाईच्या पुढे निघून जाते. कमरेच्या मणक्यांची घनता विशी ओलांडल्यानंतरही काही वर्षे वाढत असते. पंधराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढलेल्या मुलाचे शरीर बाहेरून पुरुषासारखे दिसू लागते, चेंडूलाही वेग येतो, परंतु आतील हाड त्या वेगाच्या तोडीचे झालेले नसते. प्रशिक्षकाची नजर नेमकी याच वयात त्याच्यावर खिळते, हे दुर्दैव आहे.

लक्षणे साधी असल्यामुळेच फसवी ठरतात. कमरेच्या एकाच बाजूला, बोटाने दाखवता येईल इतक्या मर्यादित जागी दुखणे, मागे वाकल्यावर ते वाढणे, गोलंदाजीनंतर जाणवणे आणि दोन दिवसांच्या विश्रांतीने थांबणे, असा त्यांचा क्रम असतो. सुरुवातीच्या टप्प्यात साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा काहीच दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर विसंबून मुलगा पुन्हा नेटमध्ये उतरतो आणि तडा रुंदावतो. एमआरआय तपासणीत मात्र तडा पडण्यापूर्वीची हाडातील सूजही दिसू शकते. या अवस्थेत निदान झाले तर काही महिन्यांची विश्रांती आणि नियोजित व्यायाम यांनी हाड सहसा पूर्ववत होते. दुखणे दाबून खेळत राहिल्यास दोन्ही बाजूंना तडे जाऊन मणका पुढे सरकण्याचाही धोका असतो. वेदनाशामक गोळी किंवा फवारा मारून सामना पुढे नेण्याची पद्धत किशोरवयीन खेळाडूंच्या बाबतीत म्हणूनच घातक ठरते.

शैलीचा प्रश्न

१९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात डेनिस लिली यांची कंबर अशाच अस्थिभंगाने जायबंदी झाली होती. दीर्घ विश्रांती आणि कठोर व्यायामानंतर ते परतले, तेव्हा या विषयाकडे क्रीडावैद्यकाचे लक्ष प्रथमच गांभीर्याने गेले. पुढे ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांतून गोलंदाजीच्या शैलीचा दोष समोर आला. धावत येताना नितंब फलंदाजाच्या दिशेने आणि खांदे आडवे, किंवा याच्या उलट, अशी ‘मिश्र’ शैली असली, तर चेंडू सोडण्यापूर्वी खांदे उलट फिरतात आणि कंबर पिळली जाते. पूर्णतः समोरून किंवा पूर्णतः बाजूने टाकणाऱ्यांपेक्षा अशा गोलंदाजांच्या कमरेस अधिक धोका असल्याचे दिसून आले. हेच लिली १९८७ पासून चेन्नईतील एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये भारतीय मुलांना घडवीत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शैलीतील दोष बारा-तेराव्या वर्षी दुरुस्त होऊ शकतो. अठराव्या वर्षी सवय मुरलेली असल्याने ते काम अवघड होते.

तथापि, निर्दोष शैलीही अतिरेकी भारापुढे टिकत नाही. चेंडूंची संख्या मोजणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट मंडळाने वयानुसार घातलेल्या मर्यादा याबाबतीत मार्गदर्शक आहेत. १३ वर्षांखालील जलदगती गोलंदाजास एका हप्त्यात ५ आणि दिवसात १० षटके, १५ वर्षांखालील गोलंदाजास अनुक्रमे ६ आणि १२, तर त्यापुढील १९ वर्षांखालील गटांपर्यंत ७ आणि १८ षटके, अशी ही विभागणी अनेक वर्षे चालत आली आहे. एक हप्ता संपल्यानंतर त्याच टोकाकडून तेवढीच षटके दुसऱ्यांनी टाकेपर्यंत त्या गोलंदाजाने पुन्हा चेंडू हाती घ्यायचा नाही, असेही त्यात सांगितले आहे.

भारतातील अडचण मर्यादेच्या आकड्याहून वेगळी आहे. मुंबईतील एखादा होतकरू मुलगा सकाळी शाळेच्या संघात, दुपारी क्लबमध्ये आणि संध्याकाळी अकादमीच्या नेटमध्ये गोलंदाजी करतो. तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक वेगळे असतात आणि प्रत्येकाच्या मते त्याने फक्त ‘थोडीच’ षटके टाकलेली असतात. बेरीज कोणाकडेच नसते. १९८८ च्या हॅरिस शील्ड स्पर्धेतील सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी सर्वांना तोंडपाठ आहे. त्या दिवशी समोरच्या संघातील शाळकरी मुलांनी किती चेंडू टाकले, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

बेरजेइतकाच महत्त्वाचा असतो चढ. एकूण भार फार नसला तरी तो अचानक वाढल्यास दुखापतीची शक्यता वाढते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. शालेय वर्षाची रचना या दृष्टीने धोकादायक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेमुळे सराव थांबतो, एप्रिल उजाडताच उन्हाळी शिबिरे सुरू होतात आणि दोन महिने चेंडू न टाकलेला मुलगा आठवड्यातील सहा दिवस पूर्ण वेगाने गोलंदाजी करू लागतो. परीक्षेच्या काळात आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस चेंडू टाकण्याची मुभा मिळाली, तर ही उडी पुष्कळ लहान होऊ शकते. पालकांना हे पटवणे सोपे नाही, हेही खरे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एका खेळात गुंतलेल्या मुलांना आठवड्यातून किमान एक दिवस आणि वर्षातून एकूण दोन ते तीन महिने त्या खेळापासून विश्रांती देण्याची शिफारस केली आहे. मुलाच्या वयाची जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्यात संघटित खेळाला देऊ नयेत, असाही एक सोपा दंडक सांगितला जातो. या काळात पोहणे, फुटबॉल किंवा खो-खो खेळल्यास दमसास टिकतो आणि कमरेलाही उसंत मिळते.

वय, आहार आणि अन्य खेळ

वय लपवण्याच्या प्रकाराकडे आपण केवळ फसवणूक म्हणून पाहतो. त्याला आरोग्याचीही बाजू आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील गटासाठी मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून अस्थिवय ठरवणारी टीडब्ल्यू-३ पद्धत वापरत आले आहे. एकाच जन्मवर्षातील दोन मुलांच्या शारीरिक वाढीत मोठे अंतर असू शकते, हेही अशा तपासण्यांतून उघड होते. मुलींची उंची सर्वसाधारणपणे बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. उंची दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीवर खुणेने नोंदवली, तरी हा काळ ओळखता येतो, आणि त्या काळात षटके कमी करता येतात.

वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या आसपासच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असतात. त्यामुळे धावणे-उड्या मारणे अधिक असलेल्या खेळांत गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखते, तर सतत फेकीचा सराव करणाऱ्यांचे कोपर दुखू लागते. ‘वाढीचे दुखणे’ म्हणून त्याची बोळवण करणे योग्य नव्हे. कबड्डी आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहून अधिक असते. मातीवर वाढलेल्या कबड्डीपटू स्पर्धेत अचानक मॅटवर उतरतात, तेव्हा पाय घट्ट रुततो आणि गुडघा वळतो; मॅटवरील सराव आधीपासून मिळणे आवश्यक असते. यावर उपायही उपलब्ध आहे. सुमारे २० मिनिटांच्या ‘फिफा ११+’ या तयारी-व्यायामाची नॉर्वेतील १३ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर चाचणी घेण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

हाडांच्या बळकटीसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पुरेसे उष्मांक आवश्यक असतात. पहाटे उपाशीपोटी मैदानावर येणाऱ्या आणि डब्यात दोन पोळ्या घेऊन दिवसभर खेळणाऱ्या मुलाचे हाड डागडुजी करणार कशाने, हा प्रश्न प्रशिक्षकांनी विचारायला हवा. खेळाडू मुलीची मासिक पाळी थांबणे हे सरावाचे सामान्य लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात ते आहार अपुरा पडत असल्याचे आणि हाडे ठिसूळ होत असल्याचे चिन्ह असू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घेणे गरजेचे असते.

नवी दिल्लीतील सफदरजंग रुग्णालयात २०१० मध्ये क्रीडा दुखापत केंद्र सुरू झाले. मात्र तालुक्याच्या गावातील मुलाला अशा केंद्रापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोपर्यंत शाळेतील क्रीडाशिक्षकांकडची एक वही पुरेशी ठरू शकते. प्रत्येक गोलंदाजाच्या नावापुढे त्या दिवशी टाकलेले चेंडू, शाळेबाहेरचेही, आणि ‘कंबर दुखते का’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे. सलग दोन नोंदींत उत्तर ‘हो’ आले तर चेंडू काढून घ्यावा.

बरे झाल्यानंतर परतण्याचाही क्रम असतो. आधी कंबर, पोट आणि नितंबांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, मग धावणे, त्यानंतर उभ्याने आणि चालत चेंडू टाकणे, आणि शेवटी छोट्या धावपट्टीवरून निम्म्या वेगाने मोजके चेंडू. पूर्ण वेगापर्यंत जाण्यास अनेक आठवडे लागू शकतात. शस्त्रक्रियेनंतर बुमराह ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडविरुद्ध परतला तो टी-२० सामन्यातून, जिथे गोलंदाजास चारच षटके टाकायची असतात.