अंगी लागेल तेवढंच खरं

शास्त्रीय नियतकालिकांच्या जुन्या सूचींमध्ये लेखक आडनावाने लावलेले असतात. त्यात ‘भागवत, के.’ शोधलं की १९३५ पासूनचे शोधनिबंध हाती लागतात. विषय आहेत कडधान्यांतला नायट्रोजन, प्राण्यांच्या ऊतींतली विकरं, वनस्पतींचं श्वसन. पुढे बरीच पानं उलटून ‘सोहोनी, के.’पाशी आलं की वेगळीच यादी सुरू होते: भाज्या, वाल, डबल बीन, उंदरांची वाढ. अनोळखी वाचकाला वाटावं, या दोन वेगळ्या संशोधक असतील. प्रत्यक्षात दोन्ही नोंदी एकाच बाईंच्या आहेत, डॉ. कमला सोहोनी यांच्या.

कमलाबाईंची गोष्ट आपल्याकडे बहुधा बंगलोरच्या नकारापासून सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण ती सांगून झाली की आपण थांबतो आणि ज्या कामासाठी त्यांनी तो नकार परतवला, ते काम न वाचलेलंच राहतं. म्हणून या लेखात मला त्यांच्या निबंधांची यादी वाचायची आहे. ती सलग वाचताना मला सारखा आपल्या घरातला एक शब्दप्रयोग आठवत राहिला. पोर भरपूर जेवतं पण अंगी लागत नाही, असं आई-आजी म्हणतात. ताटात वाढलेलं किती आणि अंगी लागलेलं किती, हा त्या यादीतला मूळ प्रश्न आहे, असं मला वाटतं.

नायट्रोजनचा हिशेब

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. बहीण दुर्गा भागवत पुढे लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून मराठी घराघरांत पोचल्या. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली आणि वडील-काकांच्याच संस्थेत अर्ज केला. तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा काम करायचं आणि त्यांच्यामुळे संस्थेतलं वातावरण बिघडता कामा नये. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि कमलाबाईंमागून इतर मुलींनाही संस्थेचं दार उघडलं.

या काळातला निबंध १९३५ मध्ये लंडनच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये आला. सहलेखक होते त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या. विषय होता कडधान्यांतला प्रथिनेतर नायट्रोजन. वरवर रुक्ष वाटणाऱ्या या विषयाचा आपल्या ताटाशी थेट संबंध आहे. अन्नातलं प्रथिन मोजण्याची रूढ रीत अशी की, आधी त्यातला एकूण नायट्रोजन काढायचा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. पण दाण्यातला सगळाच नायट्रोजन प्रथिनांत नसतो. काही सुट्या अमिनो आम्लांत असतो, काही इतर लहान रेणूंत. तो वेगळा काढला नाही तर प्रथिनाचा आकडा फुगतो. ज्या देशात बहुसंख्य माणसांचं प्रथिन डाळी-कडधान्यांतूनच येतं, तिथे हा फुगवटा ओळखणं हे पोटाचं गणित नीट मांडण्यासारखं होतं.

बटाट्याचा श्वास

एम.एस्सी. होऊन कमलाबाई १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. तिथे त्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या आणि जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉवलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामासाठी नोबेल मिळालेले. डेरेक रिक्टर यांच्याबरोबर त्यांनी ॲड्रिनलिनसारख्या रेणूंचं शरीरात काय होतं, यावर काम केलं. १९३८ च्या निबंधात प्राण्यांतल्या फिनोलेज विकरांचा आणि ॲड्रिनलिनचा अभ्यास आहे. १९३९ मध्ये ब्लाश्को आणि रिक्टर यांच्यासह अमाइन ऑक्सिडेज या विकरावर निबंध आला. आज याला मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणतात, आणि त्याला रोखणारी औषधं पुढे नैराश्यावरच्या उपचारात वापरात आली. हा उपयोग तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मूळ विकर नीट समजून घेणारी माणसं मात्र तेव्हाच कामाला लागलेली होती.

त्यानंतर त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. हिल यांचं नाव प्रकाशसंश्लेषणाच्या ‘हिल अभिक्रिये’मुळे आजही पाठ्यपुस्तकांत आहे. खाल्लेल्या अन्नाचं ज्वलन पेशीत टप्प्याटप्प्याने होतं. शेवटच्या टप्प्यांत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिनं इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देतात आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर ते प्राणवायूच्या स्वाधीन करतं. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ही साखळी माहीत झाली होती. सायटोक्रोम ओळखायचे ते त्यांच्या वर्णपटातल्या पट्ट्यांवरून, आणि हिरव्या पानात हरितद्रव्य ते पट्टे झाकून टाकतं. बटाट्यासारख्या रंगहीन कंदात हा अडसर नसतो. बटाट्यावर काम करत कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. आपल्या पेशी ज्या वाटेने श्वास घेतात, ती वाट झाडालाही आहे, हे त्यातून स्पष्ट होत गेलं.

१९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये हिल आणि भागवत या जोडीने सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर छोटं टिपण छापलं. त्याच वर्षी कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा. या विषयावरचा विस्तृत निबंध मात्र बारा वर्षांनी, १९५१ मध्ये, ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये आला. कमलाबाईंचं लग्न १९४७ मध्ये झालं होतं, तरी त्यावर नाव आहे भागवत यांचं, आणि तेही हिल यांच्या आधी. दोन आडनावांच्या याद्या जोडणारा सांधा मला इथे दिसतो.

वालातला अडथळा

केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि १९४९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या नव्या जीवरसायन विभागात रुजू झाल्या. पुढे त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या.

आता त्यांच्या प्रयोगशाळेत आली मुंबईच्या बाजारातली पिशवी. १९५४ मध्ये भारतीय भाज्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवरचा निबंध निघाला. १९५५ मध्ये ‘नेचर’ने वाल आणि डबल बीन यांतल्या स्फटिकरूप ट्रिप्सिन-रोधकांवरचं टिपण छापलं.

ट्रिप्सिन स्वादुपिंडातून येतं आणि लहान आतड्यात प्रथिनांचे तुकडे करतं. कात्री जशी कापडात शिरते तसं ते प्रथिनाच्या साखळीत ठरावीक जागी शिरतं. वालातलं रोधक प्रथिन नेमकं या कात्रीच्या पात्यांत जाऊन बसतं. मग कात्री चालत नाही, आणि ताटातलं प्रथिन पुरतं न पचता पुढे सरकतं. १९३५ चा प्रश्न होता, दाण्यात प्रथिन खरं किती? वीस वर्षांनी प्रश्न एक पायरी पुढे गेला: आहे त्यातलं पचतं किती?

‘स्फटिकरूप’ या शब्दालाही वजन आहे. प्रथिनाचे स्फटिक मिळणं ही त्या काळी शुद्धतेची मोठी खूण मानली जात असे. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएजचे स्फटिक मिळवले तेव्हा विकर हे प्रथिनच असतं याला बळ मिळालं. तेही एका शेंगेच्या दाण्यातून मिळाले होते. रोजच्या बाजारातल्या वालातून स्फटिक हाती येणं म्हणजे ‘वालात काहीतरी आहे’ या मोघम बोलण्याच्या जागी एक निश्चित पदार्थ समोर ठेवणं होतं.

१९६५ मध्ये याच वालातल्या हीमॅग्लुटिनिनवरचे निबंध ‘इंडियन जर्नल ऑफ बायोकेमिस्ट्री’त आले. हा पदार्थ रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, आणि उंदरांच्या आहारात मिसळला तर त्यांची वाढ खुंटते. इथे सहकाऱ्याचं नाव आधी आहे, सोहोनींचं नंतर. आणि लंडनच्या नियतकालिकात सुरू झालेली यादी आता भारतीय नियतकालिकात पोचली आहे. मला यात उतार दिसत नाही. प्रश्न इथला, दाणा इथला, शिकणारी पोरं इथली; मग छापण्याची जागाही इथली उभी राहायला हवी होतीच.

वाल खाऊ नयेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. नीट भिजवून, उकळून शिजवले की हे पदार्थ बऱ्याच अंशी निकामी होतात. रात्रभर भिजवणं, फडक्यात बांधून मोड आणणं, सोलून डाळिंब्या काढणं, मग मऊ शिजवणं, हा बिरड्याचा खटाटोप आपण चवीसाठी करतो. शिजवण्याची ही चिकाटी पचनालाही उपकारक आहे, हे प्रयोगशाळेने सांगितलं.

नीरा आणि मापातलं खरंखोटं

गरिबाच्या आहाराकडे बघण्याची हीच दृष्टी नीरेच्या कामात आहे. पहाटे उतरवलेला, न आंबलेला ताडाचा रस म्हणजे नीरा. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिच्यातली आणि ताडगुळातली पोषकद्रव्यं तपासली. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गर्भार बाया यांच्या आहाराला तिची जोड उपयोगी ठरते, हे त्यातून पुढे आलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

आणि यादीच्या शेवटी असे लेख आहेत जे कुठल्याही शास्त्रीय सूचीत सापडणार नाहीत. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियात त्या काम करू लागल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात लिहीत राहिल्या. भेसळ म्हणजे तरी काय? पिशवीवर लिहिलेलं एक आणि आत भरलेलं दुसरं. नायट्रोजनच्या फुगलेल्या आकड्यापासून निघालेली बाई दुकानाच्या काट्यापर्यंत आली होती, प्रश्न तोच घेऊन.

१९९८ मध्ये त्या गेल्या. मला मनापासून वाटतं, त्यांचे निबंध एका पुस्तकात, मराठी प्रस्तावना आणि सोप्या टिपांसह एकत्र यावेत. आडनावानुसार नव्हे, कालक्रमाने लावावेत. सुरुवातीला कडधान्यांतला नायट्रोजन, मधोमध बटाट्याचा श्वास, मग वाल, मग नीरा, आणि शेवटी ‘कीमत’मधले लेख. मुखपृष्ठावर दोन्ही आडनावं असावीत. जीवरसायन शिकणाऱ्या मुलीच्या हाती ते पुस्तक पडलं तर बंगलोरच्या त्या दाराची गोष्ट तिला कळेलच. पण दारातून आत गेल्यावर काय काय केलं गेलं, हेही तिला पानोपानी वाचता येईल. कमलाबाईंचं शिक्षण तेव्हाच आपल्या अंगी लागलं असं म्हणता येईल.