फाइल निघण्यापूर्वीची बोलणी

लग्न एका दिवसात लागते, पण त्याआधीची बोलणी महिनोन्महिने चालतात आणि पुढचे बरेचसे त्या बोलण्यांतच ठरून जाते. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवण्याचेही असेच आहे. आपल्याला दिसते ती फक्त वरात: इतके टक्के झाले, इतके राहिले. त्याआधी दूरच्या सर्व्हरला ज्या चारदोन आज्ञा दिल्या जातात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मी अक्षरजुळणीच्या धंद्यातला माणूस. मराठी मजकूर कुठे आणि कसा मरतो हे शोधता शोधता मी या आज्ञांपर्यंत पोचलो.

या बोलण्यांचे नियम पहिल्यांदा कागदावर आणले ते अभय भूषण यांनी. अलाहाबादचे भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी अर्पानेटसाठी फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी, याचा पहिला मसुदा लिहिला. त्या जाळ्यावरची यंत्रे एकमेकांची भाषाच जाणत नव्हती. पीडीपी-१० हे यंत्र ३६ बिटांच्या शब्दांत विचार करी, आयबीएम ३६० हे ३२ बिटांच्या. अस्की या संकेतात रोमन लिपीतला मोठा 'ए' म्हणजे ६५, तर आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात तोच १९३. अशा दोघांत फाइल नुसती ढकलून भागणार नव्हते. हे बाइट अक्षरे म्हणून वाचायचे की मुकाट्याने जसेच्या तसे ठेवायचे, हे आधी ठरवावे लागे.

एफटीपीचे आज प्रमाण मानले जाणारे रूप १९८५ सालचे. त्यात दोन वेगळ्या जोडण्या असतात. एक बोलण्यासाठी, दुसरी मालासाठी. बोलण्याच्या जोडणीवर सर्व्हर आधी २२० म्हणतो: या, तयार आहे. आपण नाव सांगतो. तो ३३१ म्हणतो, म्हणजे आता परवलीचा शब्द सांगा. तो सांगितला की २३०, आत या. मग फाइलीचा प्रकार ठरतो, मालाची जोडणी कुठे जुळवायची ते ठरते, आणि त्यानंतर कुठे 'अमुक फाइल दे' ही आज्ञा जाते. उत्तराचा पहिला आकडाच पुरेसे सांगतो: २ म्हणजे झाले, ३ म्हणजे अजून काही हवे, ४ म्हणजे आत्ता नाही, ५ म्हणजे नाहीच. वेबवर पान न सापडल्यास दिसणारा ४०४ याच घराण्यातला, फक्त तिथे घराण्याची रीत थोडी बदलली आहे.

खरी मेख आहे ती प्रकार ठरवणाऱ्या 'टाइप' या आज्ञेत. 'टाइप ए' म्हणजे अस्की मजकूर, 'टाइप आय' म्हणजे इमेज, अर्थात बाइटला बाइट. काहीच सांगितले नाही तर नियमाप्रमाणे 'ए' धरला जातो. 'ए' मध्ये ओळींच्या शेवटांचे भाषांतर होते. युनिक्समध्ये ओळ १० या एका बाइटने संपते, विंडोजमध्ये १३ आणि १० अशा दोन बाइटांनी. म्हणून युनिक्स सर्व्हरवरची फाइल विंडोजवर आणताना प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसवला जातो. साध्या इंग्रजी मजकुरासाठी ही सोय उत्तम आहे.

मराठीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या नोटपॅडमध्ये 'युनिकोड' म्हणून फाइल साठवली की ती यूटीएफ-१६ या पद्धतीने साठवली जाई. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट. दुसरा नेहमी ९, पहिला चिन्हागणिक वेगळा. आणि 'ऊ' चा पहिला बाइट नेमका १० आहे! सर्व्हरला तो ओळीचा शेवट वाटतो. तो इमानेइतबारे त्याच्याआधी १३ घालतो आणि तिथून पुढचे सगळे बाइट एका घराने सरकतात. 'जाऊन' मधला 'जा' शाबूत राहतो, 'ऊ' च्या जागी रिकामा चौकोन येतो आणि 'न' च्या जागी ब्रेल लिपीतले ठिपके. 'ऊस' मधला 'स' तर चिनी अक्षर होऊन बसतो. पुढे आणखी एक 'ऊ' आला किंवा ओळ संपली की आणखी एक १३ घुसतो, सरकलेली घरे दोन होतात आणि मजकूर पुन्हा रुळावर येतो. त्यामुळे पानावर एक पट्टा मराठी, एक पट्टा अगम्य, असे चट्टेपट्टे उमटतात. गंमत अशी की 'करून', 'बसून' यांनी काही बिघडत नाही, कारण दीर्घ उकाराच्या मात्रेचा आकडा वेगळा आहे. घात करतात ते 'येऊन', 'देऊन', 'भाऊ', 'खाऊ'. स्वरामागून स्वर येऊ देणाऱ्या आपल्या भाषेला हे फार महागात पडते.

एका संस्थेकडून एका लेखसंग्रहाची अशीच चट्ट्यापट्ट्यांची फाइल माझ्याकडे आली होती. फाइल नासली असे ठरवून सगळे पुन्हा टंकित करून घ्यायचा त्यांचा विचार होता, आणि मूळ हस्तलिखित तर लेखकाच्या घरी परत गेलेले. फाइलीतले आकडे उघडून पाहिले तर प्रत्येक १० च्या आधी १३ उभा. तेवढे १३ काढून टाकले आणि संग्रह जसाच्या तसा परत आला. मराठीच्या अशा फाइलीत १३ आणि १० मुळात शेजारी येतच नाहीत, म्हणून हे साधले.

उलट दिशेने गेलेला माल मात्र परत येत नाही. विंडोजवरचे छायाचित्र 'टाइप ए' ने युनिक्सवर चढवले तर १३-१० ही जोडी दिसेल तिथला १३ गळून पडतो. दाबून लहान केलेल्या चित्रात बाइट जवळजवळ यदृच्छेने पसरलेले असतात, तेव्हा एक मेगाबाइटात, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास बाइटांत, अशा जोड्या सरासरी सोळा. सोळाच बाइट हरवतात, पण ते कुठून गेले याची कुठेच नोंद राहत नाही. उरलेल्या हजारो १० पैकी कोणाशेजारी १३ होता हे कोण सांगणार?

काही सर्व्हरांना आणखीही सांगावे लागते. त्यासाठी 'साइट' नावाची आज्ञा ठेवली आहे. तिच्यामागे काय लिहायचे ते त्या त्या यंत्राच्या घरचे नियम. आयबीएमच्या मेनफ्रेमवर फाइल चढवण्याआधी नोंदीची लांबी सांगतात, पुष्कळदा ८० बाइट. हा आकडा पंचकार्डावरच्या ८० रकान्यांतून आलेला. ती चुकली तर लांब ओळींची शेपटे कापली जाऊ शकतात. 'कर्ल' या १९९८ पासून त्या नावाने चालत आलेल्या साधनात, स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा आज्ञा पाठवायची वेगळी सोय केली आहे. आज्ञेआधी काहीच चिन्ह नसेल तर ती फाइल निघण्यापूर्वी जाते, वजाचे चिन्ह असेल तर फाइल पोचल्यानंतर, आणि अधिकाचे असेल तर योग्य फोल्डरात शिरल्यावर, प्रत्यक्ष पाठवणीच्या अगदी तोंडावर. लग्नघरातही कोणती गोष्ट केव्हा बोलायची याला असेच महत्त्व असते.

एफटीपीची ही बोलणी उघड्यावर चालतात, परवलीच्या शब्दासकट. वाटेतला कोणीही ती ऐकू शकतो. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात परवलीचे शब्द असेच चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनीही एफटीपीचा आधार काढून घेतला. एसएसएचवर चालणाऱ्या एसएफटीपीच्या रूढ आवृत्तीत 'टाइप' ही आज्ञाच नाही. जे आहे ते तसेच जाते. शिवाय आज बहुतेक मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो आणि त्यात देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी एकही १० नसतो. तेव्हा नवे 'येऊन-जाऊन' सुखरूप पोचतात. धोका आहे तो जुन्या यूटीएफ-१६ फाइलींना. त्या अजून एखाद्या एफटीपी सर्व्हरवर पडून असतील, तर उतरवण्याआधी 'टाइप आय' म्हणायला विसरू नये, आणि आधीच उतरवून नासलेली फाइल कोणाकडे असेल तर ती पुसण्यापूर्वी १० च्या आधीचे १३ मोजून पाहावेत.