टाकीतले द्रावण, संगणकातले गणित

मोशीचे कित्येक बांधव भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्लेटिंगच्या टाक्यांवर राबतात. टाकीतील क्षार पाण्यात फुटून धन व ऋण भारांचे आयन होतात. त्यांच्या ओढाताणीचे गणित डिबाय व ह्युकेल यांनी १९२३ साली मांडले. काही द्रावणे तापमान बदलताच दोन थरांत विभागतात. हे संगणकावर पडताळता येते: एक आयन हलवायचा, ऊर्जा मोजायची, बदल स्वीकारायचा वा नाकारायचा. ही रीत १९५३ ची.

अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ घडवला. मात्र संगणकाचे उत्तरही प्रयोगावर तपासावेच लागते. तथागतांचे ‘एहिपस्सिको’, या आणि स्वतः पाहा, ते हेच! टाकीवर राबणाऱ्यांच्या लेकींनी आता हे गणितही हाती घ्यावे. जयभीम!